दहापर्यंत मोजायचे कोणी?

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात दर गुरुवारी शेवटून दुसरा तास 'भावनांचा तास' म्हणून राखून ठेवलेला असे. हसू नका! आमच्या लहानपणी भावनांना वेगळा तास लागत नसे. राग मास्तरांना येई आणि रडू आम्हाला येई, इतकी सरळ वाटणी होती. २०१९ च्या जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी चौथीचा हा तास माझ्याकडे सोपवला, तेव्हा मीही मनातल्या मनात हसलेच होते.

पण दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले आणि माझे हसणे थांबले. सामाजिक-भावनिक शिक्षण हे या प्रकाराचे भारदस्त नाव. अमेरिकेत १९९४ साली काही शिक्षणतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी या नावाखाली काम सुरू केले. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, नाती सांभाळणे आणि विचार करून निर्णय घेणे, अशा पाच गोष्टी मुलांना गणितासारख्या शिकवता येतात, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी डॅनियल गोलमन यांचे 'इमोशनल इंटेलिजन्स' हे पुस्तक निघाले आणि जगभर गाजले. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ च्या जुलै महिन्यात दलाई लामांच्या उपस्थितीत 'हॅपिनेस' अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या विषयाला जागा मिळाली. तेव्हा हे खूळ केवळ आमच्याच शाळेचे होते असे नाही.

मुलांना हा तास फार आवडे. भिंतीवर हसरे, रडके, रागावलेले, घाबरलेले असे चेहरे लावले होते. वर्गात येताना प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी एकेका चेहऱ्याखाली अडकवायची. 'राग आला की डोळे मिटा, खोल श्वास घ्या आणि दहापर्यंत मोजा' हा आमचा मुख्य मंत्र. बेचाळीस मुले डोळे मिटून एका सुरात मोजू लागली की माझाही रक्तदाब उतरल्यासारखा वाटे. एका पालकबाईंनी तर सांगितले, "बाई, आमच्याकडे आता हा त्याच्या बाबांनाच दहापर्यंत मोजायला लावतो!" मी खूश होते.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे खरे नाव छापणे बरे नाही. आपण त्याला दिनू म्हणू. वडील रिक्षा चालवीत. आई शाळेजवळच्या सोसायट्यांत चार घरी पोळ्या करी. दिनू आमच्या शाळेत आला तो शिक्षण हक्क कायद्याने. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या फीची भरपाई सरकारने करायची. आपल्या राज्यात त्यासाठी सोडत निघते. दिनूचा नंबर लागला तेव्हा त्याच्या आईने आपल्या चारही घरी पेढे वाटले होते, हे मला पुढे कळले.

दिनू शांत मुलगा. अक्षर चांगले, गणित बरे. आपण होऊन बोलत नसे. 'भावनांच्या तासा'ला त्याची चिठ्ठी रोज हसऱ्या चेहऱ्याखाली असे. मी कधी चौकशी केली नाही. हसऱ्या मुलाची चौकशी कोण करते?

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी प्रश्न विचारला, "सुट्टीतला सर्वांत आनंदाचा क्षण कोणता?" कोणी सिंगापूरला जाऊन आले होते, कोणी तारकर्लीला. एकीकडे नवे कुत्र्याचे पिल्लू आले होते. फिरत फिरत पाळी दिनूपर्यंत आली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "काही नाही." मी त्याला प्रेमाने बसवले आणि आपणच उठून त्याची चिठ्ठी उदास चेहऱ्याखाली लावली. किती समजूतदार शिक्षिका!

आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती गोष्ट घडली. मधल्या सुट्टीत आरडाओरडा ऐकून मी धावले. दिनूने वर्गातल्या एका मुलाच्या कपाळावर कंपासपेटी मारली होती. भुवईच्या वर खोक पडली होती, शर्टावर रक्त. त्या मुलाला दवाखान्यात नेऊन दोन टाके घालावे लागले. मी दिनूला वाचनालयाच्या खोलीत नेऊन समोर बसवले.

"राग आला की काय करायचं असं आपण शिकलोय?"

"दहापर्यंत मोजायचं."

"मग मोजलंस का?"

"मोजलं."

"खोटं बोलू नकोस, दिनू."

"मोजलं, बाई. मी जूनपासून रोज मोजतोय."

हे तो रडत म्हणाला असता तर मला सोपे गेले असते. रोजचा गृहपाठ दाखवावा तशा आवाजात तो हे सांगत होता.

मग एकेका मुलाला विचारले आणि सारे बाहेर आले. ज्याला लागले, त्याच्याच घरी दिनूची आई पोळ्या करीत असे. जूनमध्ये हे त्या मुलाला कळले. तेव्हापासून मधल्या सुट्टीत तो आपला रिकामा डबा दिनूपुढे सरकवी आणि म्हणे, "उचल ना, तुझी आई उचलते." शेजारची दोघेतिघे हसत. दिनू डबा उचलत नसे, मोजत असे. त्या दिवशी बाकावर भाजी सांडली होती आणि हुकूम झाला होता, "पुसून घे."

शिस्तीच्या नियमाप्रमाणे दिनूच्या आईला चिठ्ठी गेली. ती कामावरून तशीच आली. पदराला पीठ लागलेले. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. म्हणाली, "बाई, त्याला हवं तर मारा, पण नाव काढू नका." दुसऱ्या मुलाच्या आईची माफी ती आधीच मागून आली होती, कारण ते घर म्हणजे तिच्या महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा. मुलाचे शिक्षण आणि आईचे काम, दोन्ही एका कंपासपेटीवर येऊन ठेपले होते.

दुसऱ्या मुलाची आईही भेटली. वाचकहो, ती काही दुष्ट बाई नव्हती. आपल्या मुलाने काय केले ते ऐकून तिचा चेहरा उतरला. "आम्ही त्यांना अगदी घरच्यासारखं वागवतो हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "दिवाळीला साडी देतो. मुलांच्या डोक्यात असलं कुठून येतं, कोण जाणे!" तिने दिनूच्या आईचे काम सोडवले नाही, हेही सांगितले पाहिजे.

कुठून येते? त्या संध्याकाळी घरी येऊन मी चहा टाकला. आमच्याकडेही पोळ्यांना एक बाई येतात, अकरा वर्षे येत आहेत. त्यांचा चहाचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा असतो. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो तिथे कोणी ठेवला आणि का ठेवला याचा विचार मी कधी केला नव्हता. माझी मुलगी तो कप बघत वाढली. तिला मी तोंडाने कधीच काही शिकवले नव्हते.

शाळेतले माझे कर्तृत्व तर याहून मोठे. जूनमध्ये सरकारी फॉर्म भरायचे असत, तेव्हा मी भर वर्गात म्हणत असे, "आरटीईची मुलं उभी राहा." नऊ मुले उभी राहत, उरलेली तेहतीस त्यांच्याकडे बघत. कोण कुठून आले आहे, हे चौथीच्या मुलांना आपसांत कदाचित वर्षभर कळले नसते. मी ते पाच मिनिटांत कळवले होते. आणि त्यानंतर दर गुरुवारी, ज्याच्या पायावर दुसऱ्याचा पाय पडला आहे त्याला खोल श्वास कसा घ्यावा ते शिकवत होते. ज्याचा पाय पडला होता त्याला 'पाय काढ' म्हणून कोणीच सांगितले नव्हते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. तेव्हा कळले की या शिक्षणाची मुळे ज्या कामात शोधतात, ते काम नेमक्या याच प्रश्नापासून सुरू झाले होते. १९६८ साली येल विद्यापीठाच्या बालअध्ययन केंद्रातले डॉ. जेम्स कोमर हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळांत काम करू लागले. मुले बहुतेक गरीब व कृष्णवर्णीय, हजेरी आणि निकाल शहरात तळाला. कोमर यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत सांगितली आहे. दक्षिणेकडच्या खेड्यातून तो नुकताच आलेला. मावशीने त्याला शाळेत सोडले आणि लगेच नव्या वर्गात नेऊन उभे केले. आधीच नव्या मुलांनी बेजार झालेल्या शिक्षिकेच्या चेहऱ्यावर त्याला नकार दिसला. तो घाबरला, तिला लाथ मारली आणि पळाला. एरवी त्याला शिक्षा झाली असती आणि प्रकरण मिटले असते. त्या शाळेत मात्र सर्वांनी बसून विचार केला, की परक्या गावात, परक्या इमारतीत, परक्या माणसांपुढे एकट्याने उभे राहताना या मुलाला काय वाटले असेल? आणि नव्या मुलांना वर्गात सामावून घेण्याची रीतच बदलण्यात आली. कोमर यांनी पालकांना शाळेच्या कारभारात बसवले, शिक्षकांना आपल्या वागण्याकडे बघायला लावले. पुढच्या वर्षांत त्या शाळांची हजेरी आणि निकाल दोन्ही वर चढले.

म्हणजे मूळ प्रश्न होता 'शाळा कशी बदलावी?' हा. तो हिंडत हिंडत आमच्याकडे येईपर्यंत 'मुलाला गप्प कसे बसवावे?' असा होऊन गेला होता. हा घोटाळा त्या लोकांच्याही ध्यानात आला आहे. २०१९ साली रॉबर्ट जेगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहून मांडले, की भावनिक शिक्षण हे सर्व मुलांना न्याय मिळवून देण्याच्या कामी आले पाहिजे. त्यात अन्याय ओळखणे, आपली ओळख अभिमानाने सांगता येणे आणि वर्गाचे नियम ठरवण्यात प्रत्येकाचा हात असणे, हेही आले. हे वाचताना मला आपल्याच पुण्याची मुक्ता साळवे आठवली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या निबंधात राग आहे, आणि भरपूर आहे. तिच्या शिक्षकांनी तिला श्वासाचे व्यायाम दिले नाहीत, कागद दिला.

हे सारे खरे, पण सोमवारी सकाळी वर्गात करायचे काय? मला एक जुनी युक्ती सापडली. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांच्या शाळा एकत्र झाल्या आणि वर्गावर्गांत मारामाऱ्या सुरू झाल्या. तेथील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलियट आरोन्सन यांना बोलावले गेले. त्यांनी प्रवचन दिले नाही. वर्गाचे पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि एकेका मुलाला एकेक तुकडा दिला. आपला तुकडा आपण समजून घ्यायचा आणि गटाला शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची. चित्राचे तुकडे जुळवण्याच्या खेळावरून याला 'जिगसॉ' म्हणतात. एका गटात अडखळत बोलणाऱ्या मेक्सिकन मुलाला बाकीचे चिडवू लागले. तेव्हा देखरेख करणारी बाई रागावली नाही. थोड्याच वेळात परीक्षा आहे, एवढीच आठवण तिने दिली. चिडवून आपलेच नुकसान आहे हे लक्षात आल्यावर मुले त्याला नीट प्रश्न विचारू लागली, आणि नीट विचारल्यावर तोही नीट सांगू लागला.

मी हे जानेवारीत आमच्या चौथीत करून पाहिले. पहिला आठवडा फसला! दिनूच्या हातातला कागद शेजारणीने ओढून घेतला आणि स्वतःच वाचून दाखवला. दुसऱ्या गटात एक गुबगुबीत, चांगल्या घरचा मुलगा आपला तुकडा वाचताच येईना म्हणून रडू लागला. त्याला वाचनात इतकी अडचण आहे, हे मला सात महिने कळले नव्हते. मग कागद परत घ्यायचे ठरवले. आधी वाचायचे, मग कागद माझ्याकडे द्यायचा आणि डोक्यातून सांगायचे. दुसऱ्या आठवड्यापासून गाडी रुळावर येऊ लागली.

धडा होता शिवाजीमहाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा. दिनूच्या वाट्याला दरबाराचा प्रसंग आला होता. १६६६ चा मे महिना, औरंगजेबाचा वाढदिवस, आणि महाराजांना कमी दर्जाच्या सरदारांच्या मागे उभे केलेले. महाराज संतापले आणि भर दरबारात त्यांनी तो संताप दाखवला. दिनूने हे चांगले सांगितले. हातवारे करून सांगितले. तेव्हा गटातल्या एका मुलीने विचारले, "मग महाराजांनी दहापर्यंत का नाही मोजलं?"

मी शेजारच्या गटापाशी उभी होते. कान तिकडेच होते.

दिनू थोडा थांबला. "दरबारात नाही मोजलं," तो म्हणाला. "नंतर मोजलं. मे, जून, जुलै, ऑगस्ट. मग पेटाऱ्यातून गेले."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो टेबलापाशी रेंगाळला. मी सहज विचारले, "दिनू, दिवाळीच्या सुट्टीत तुला खरंच काही मजा आली नाही का रे?" तो म्हणाला, "आली की." पाडव्याच्या पहाटे वडिलांनी त्याला रिक्षातून सारसबागेतले दिवे बघायला नेले होते आणि परत येताना रिकाम्या रस्त्यावर मांडीवर बसवून हँडल धरू दिले होते. "मग तेव्हा वर्गात का नाही सांगितलंस?" यावर तो नुसता हसला. सिंगापूर आणि तारकर्लीच्या मागून रिक्षा आणायला मीही धजले नसते. माझा प्रश्न साधा नव्हता; त्याला नंबर होते. आणि त्याच्या भरल्या दिवाळीला मी उदास चेहरा चिकटवून मोकळी झाले होते! त्या गुरुवारपासून मी 'सर्वांत आनंदाचा क्षण' विचारणे बंद केले. 'तुमच्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?' असले प्रश्न विचारू लागले. त्याची उत्तरे तर फारच मजेदार येतात. चेहऱ्याचे तक्ते काढून टाकले आणि फॉर्म मुलांकडे न देता पालकांकडून भरून घेऊ लागले.

दिनू आणि तो दुसरा मुलगा यांची गट्टी जमली का? नाही. डबा पुढे सरकणे थांबले, एवढेच. मुलाने माफी मागितली होती, पण ती आईने मागायला लावलेली. तिचा फारसा उपयोग नसतो. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि दिनू माझ्यासाठी मोबाइलच्या पडद्यावरचा एक चौकोन झाला, तोही वडील घरी असतील तेव्हाच.

आपल्यापैकी पुष्कळांना मनातून एक भीती असते, ती मी जाणून आहे. 'असल्या मुलांबरोबर बसून आमची मुलं बिघडणार नाहीत ना?' २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून मोकळे केले होते. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या काळात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुटलो!" मी त्यांना दिल्लीची गोष्ट सांगितली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या श्रीमंत खासगी शाळांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब मुले वर्गात आल्याने श्रीमंत मुले अधिक उदार झाली, असे त्यांना आढळले. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितले, तर गरीब सहाध्यायी असलेली मुले 'हा गरीब' म्हणून चांगला धावणारा भिडू सहसा टाकत नसत. अभ्यासावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. इंग्रजीच्या गुणांत जेमतेम घट. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की काही शाळांत अभ्यासाचे गट नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने पाडलेले होते. त्यामुळे ज्यांना प्रत्यक्ष एकत्र बसून काम करावे लागले त्यांच्यात काय फरक पडला, हे वेगळे पाहता आले; आणि फरक पडत होता तो मुख्यतः त्या एकत्र बसण्यातूनच. शेजारच्या बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "जिलबी घ्या ना."

त्या खिडकीतल्या कपाचे सांगायचे राहिले. त्याच आठवड्यात मी तो उचलून कचऱ्यात टाकला आणि बाईंना आमच्याच संचातल्या कपात चहा दिला. त्यांनी विचारले, "ताई, माझा कप कुठं गेला?" तीस वर्षे मुलांना शिकवलेली मी; पण तोंडातून निघाले, "फुटला."

दुसऱ्या दिवशी त्या येताना घरून स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आल्या. "उगाच तुमचा संच फुटायला नको," म्हणाल्या.

तेव्हा मात्र गॅस बंद करून त्यांना समोर खुर्चीवर बसवले आणि खरे काय ते सांगितले. पाच मिनिटांचेच बोलणे, पण बेचाळीस मुलांपुढे बोलण्यापेक्षा जड गेले. बाईंनी सगळे ऐकले, पेला पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "मग उद्यापासून चहात आलं जास्त घाला. अकरा वर्षं सांगीन सांगीन म्हणते."